स्टेपनीखालचा अंगठा

जुनी गाडी घ्यायची म्हटलं की ओळखीतली माणसं बँकेत जायच्या आधी मामांचं दार वाजवायची. मामा पत्र्यातले. चेपलेलं दार, मुडपलेलं बॉनेट, पोटात गेलेला बंपर, असलं सगळं तीस वर्षं त्यांच्या हातोडीखालून गेलेलं. पुढे पाठीनं दगा दिला आणि त्यांनी वर्कशॉप बंद केलं, पण पत्र्यानं काही त्यांना सोडलं नाही. कुणी गाडी बघायला नेलं की मामा गाडीभोवती एक फेरी मारायचे, बोटाच्या पेरानं टकटक करत जायचे, आणि मध्येच कुठंतरी थांबून म्हणायचे, इथं पुट्टी भरलीय. मालकाचा चेहरा पडायचा आणि घेणाऱ्याचा जीव भांड्यात पडायचा. या टकटकीवरून लोकांनी त्यांना टकटकमामा म्हणायला सुरुवात केली. वरवर ते चिडायचे, पण फोनवर स्वतःची ओळख तीच सांगायचे.

या खेपेला गाडी हवी होती ती सख्ख्या भाचीला. त्यामुळे मामांना दुसऱ्या कुणाला नाही म्हणता आलं असतं तरी इथं सोय नव्हती, आणि त्यांना नाही म्हणायचंही नव्हतं. या भाचीची पहिली सायकल त्यांनीच आणली होती. तेव्हा कुणीही ब्रेक तपासून दिला तरी ती विचारायची, मामानं बघितलाय का? बघितला नसेल तर सायकलवर बसायची नाही. आता ती एका लॅबसाठी घरोघर जाऊन रक्ताचे नमुने गोळा करायची आणि स्वतः एका चार वर्षांच्या मुलीची आई होती, पण तो प्रश्न अजून तसाच होता. गॅसची शेगडी असो की घराचं कुलूप, मामानं बघितलं की तिचा विषय संपायचा.

सकाळी सातला ती स्कूटरवर निघायची. पायाशी नमुन्यांचा थंड डबा, पुढे उभी असलेली चिमणी, वाटेत शाळेत सोडायची. मुलीला सगळे चिमणीच म्हणत. महिन्यापूर्वी एका वळणावर वाळूवरून स्कूटर घसरली. चिमणीचा गुडघा फुटला, बाकी काही झालं नाही, पण भाचीची झोप उडाली. त्याच संध्याकाळी ती मामांकडे येऊन बसली आणि म्हणाली, "मला गाडीची हौस नाहीये रे मामा. मला फक्त तिला मागच्या सीटवर पट्टा लावून बसवायचंय."

मामांनी तिला आधी नियम पढवले. गाडी मालकाच्या घरीच जाऊन बघायची, भर उजेडात आणि सकाळी, इंजिन थंड असताना. गाडीवरचा चेसिस नंबर आणि कागदावरचा नंबर आकडा न आकडा जुळवायचा. कर्ज असेल तर ते फिटल्याचं बँकेचं पत्र डोळ्यांनी बघायचं. आणि समोरचा कितीही गोड बोलला तरी जागच्या जागी हातावर पैसे टेकवायचे नाहीत. भाचीनं हे सगळं मोबाईलमध्ये लिहून घेतलं, वर शीर्षक दिलं, ‘मामाचा कायदा’.

कायद्यापुढे पहिल्या चार गाड्या टिकल्या नाहीत. पहिलीचे किलोमीटर कमी, पण ब्रेकचं पॅडल झिजून गुळगुळीत झालेलं. दुसरीचा मालक घरी बोलवेना, पेट्रोल पंपावरच या म्हणाला, आणि कागद त्याच्या मेव्हण्याच्या नावावर निघाले. तिसरीचं इंजिन हे दोघं पोचायच्या आधीच तापवून ठेवलेलं. मामांनी बॉनेटवर हात ठेवला, मालकाकडे बघून हसले आणि चहाही न घेता परत फिरले. चौथीच्या उजव्या दारात इतकी पुट्टी होती की मामा म्हणाले, हिला धुवायला नेलं तर दार वाहून जाईल. भाची हसली खरी, पण चिमणी अजून स्कूटरवर पुढेच उभी राहत होती.

पाचवी गाडी निघाली एका निवृत्त शिक्षिकेची. सगळं आयुष्य शाळेत गेलेलं, त्यामुळे शेजारीपाजारी त्यांना नुसतं बाई म्हणत. गुडघे कामातून गेले म्हणून डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली होती. सहा वर्षांपूर्वी बाईंनीही ती कुणाकडून तरी जुनीच घेतलेली. घराखाली पत्र्याच्या शेडमध्ये गाडी उभी, रंग पांढरा, अंगावर पॉलिशचा मागमूस नाही. मामांना पहिल्या नजरेतच ती आवडली. नुकतीच चकाकवलेली गाडी आणि नवी चप्पल घालून आलेला जावई यांच्यावर त्यांचा विश्वास बसत नसे.

वर बाईंनी टेबलावर कागद मांडून ठेवले होते. विमा, सर्व्हिसच्या पावत्या वर्षावार टाचलेल्या, बँकेचं पत्र. आणि सगळ्यात वर एक रेघी कागद, त्यावर ठसठशीत अक्षरात लिहिलेलं, ‘गाडीतील दोष’. डाव्या मागच्या खिडकीची काच अर्ध्यावर अडते. गेटला घासून उजवीकडे ओरखडा, त्याची तारीख. एसी जोरात लावला की वास येतो. हॉर्न कधी कधी रुसतो. पुढच्या सीटखाली नातवानं रंग सांडलाय, तो निघत नाही. असे पाच दोष, एकाखाली एक. येईल त्याला बाई हा कागद आधी वाचायला देत होत्या. दुपारी एक जोडपं यायचं होतं, त्यांनाही फोनवर वाचून दाखवला होता. भाचीनं मामांकडे बघितलं. असा मालक त्या दोघांनी आजवर बघितला नव्हता.

मग मामांची फेरी सुरू झाली. इंजिन गार होतं. तेलाची पट्टी स्वच्छ निघाली. चेसिस नंबर जुळला. मागच्या खडबडीत रस्त्यावरून त्यांनी गाडी दोनदा फिरवली, सरळ रस्त्याला क्षणभर स्टिअरिंगवरचे हात सैल सोडले, तरी गाडी शहाण्यासारखी सरळच गेली. शेडमध्ये परत आल्यावर टकटक झाली, पुढून मागे, डावीकडून उजवीकडे, छपरासकट. सगळीकडे खणखणीत पत्रा. मामांनी रुमालानं बोटं पुसली आणि दोघींसमोर निकाल दिला.

"हिला कुणाचा हात लागलेला नाही. डोळे मिटून घे."

भाचीनं खरंच क्षणभर डोळे मिटले. मग तिनं बाईंना होकार दिला, आणि बाईंनी तिचा हात दोन्ही हातांत घेतला. आपल्या गाडीत पुन्हा एक मूल बसणार याचा बाईंना आनंद झाला होता आणि त्यांनी तो बोलूनही दाखवला. उरलं होतं फक्त जॅक आणि स्टेपनी बघणं. बाई म्हणाल्या, स्टेपनी सहा वर्षांत एकदाही काढलेली नाही, हवा तरी आहे का कोण जाणे. मामांनी डिकी उघडली, कार्पेट उचललं, मधला बोल्ट फिरवला आणि चाक बाहेर घेतलं. खालच्या खोलगट भागात करड्या सीलंटची, म्हणजे जोड बुजवायच्या लेपाची, एक जाड रेघ होती. रेघेच्या टोकाला एक अंगठा उठला होता. त्या अंगठ्यावर तिरका वण होता.

मामांनी आपला उजवा अंगठा वळवून बघितला. तशी गरज नव्हती.

ही सवय त्यांना वस्तादांनी लावली होती. मामा सोळाव्या वर्षी ज्यांच्याकडे काम शिकायला राहिले ते हे वस्ताद. सीलंट ओलं असताना शेवटच्या जोडावर, जिथं गिऱ्हाईकाची नजर जाणार नाही तिथं, वस्ताद अंगठा दाबायचे. काम उद्या परत आलं तर ते आपलं हे आपल्याला कळायला हवं, असं त्यांचं म्हणणं. आणि ज्या कामावर अंगठा ठेवायला लाज वाटेल ते काम हातात घ्यायचंच नाही. मामांनी अर्धी शिकवण नेमानं पाळली. अंगठा ते कधीच विसरले नाहीत.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. वर्कशॉप नवं, हप्ते डोक्यावर, आणि जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करणारा एकजण मागून चेंदामेंदा झालेली ही पांढरी गाडी टोचन लावून घेऊन आला. मामांनी तिचा मागचा भाग कापून काढला आणि भंगारातल्या दुसऱ्या गाडीचा मागचा भाग आणून तिला जोडला. असं जोडकाम नीट करायचं तर आतून पट्टी घालून सलग वेल्डिंग मारावं लागतं. दोन दिवसांचं काम. त्या माणसाला गाडी संध्याकाळी हवी होती. मामांनी जागोजागी वेल्डिंगचे नुसते ठिपके मारले, वर सीलंट फासलं, कार्पेट अंथरलं. बाहेरून पुट्टी लावायची वेळच आली नाही, कारण पत्रा सगळा खराच होता, फक्त दोन गाड्यांचा होता. म्हणून आज टकटकीला तो खणखणीत वाजला. मामांच्या हातानं मामांचेच कान फसवले होते.

तेव्हा त्यांच्याकडे एक वाक्य तयार असायचं. मी गाडी विकत नाही, मी पत्रा सरळ करतो. पुढे कोण कुणाला काय सांगून विकतो ते त्यांचं ते बघून घेतील. या वाक्यावर त्यांना बरीच वर्षं शांत झोप लागली. माणूस स्वतःला किती स्वस्तात पटवतो ते बघितलं की कमाल वाटते.

जोडाला लागूनच पुढे मागची सीट होती. मागून एखादा टेम्पो जरा जोरात आदळला तर ठिपके सुटणार आणि सीट मोकळी होणार, हे मामांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांनी चाक परत जागेवर ठेवलं. बोल्टाला आटे सापडेनात. गाडी भाचीला घेऊ द्यायची नाही एवढं पक्कं होतं. का घ्यायची नाही हे मात्र सांगवत नव्हतं. सांगितलं की भाचीचा तो लहानपणापासूनचा प्रश्न कायमचा संपणार. मामानं बघितलंय का, असं ती पुन्हा कधी विचारणार नाही.

डिकी बंद करून ते म्हणाले, नको, राहू दे, इंजिन धूर सोडतंय. बोलताना ते भाचीकडे न बघता शेडच्या खांबाकडे बघत होते.

भाची चकित झाली. दहा मिनिटांपूर्वी इंजिनाचं तोंडभर कौतुक चाललं होतं. तिनं विचारलं, कधी बघितलास धूर? मामांनी आत्ता, मघाशी, वळताना असं काहीतरी पुटपुटत सारवासारव केली. तिनं पुढे विचारलं नाही. तिचं ते न विचारणं मामांना बरं वाटायला हवं होतं, पण उलट तेच जास्त टोचलं.

बाई मात्र अजिबात रागावल्या नाहीत. त्यांना गाडीतलं काही कळत नाही, सांगितलंत ते बरं केलंत, असं म्हणून त्या गुडघे धरत जिना चढल्या आणि तो रेघी कागद नि पेन घेऊन खाली आल्या. गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून त्यांनी चष्मा लावला. दुपारच्या जोडप्यालाही हे कळायला हवं, त्यांचं बाळ लहान आहे, त्या म्हणाल्या. आणि पाचव्या दोषाखाली त्यांनी सहा आकडा घातला आणि त्याच ठसठशीत अक्षरात लिहायला लागल्या, ‘इंजिन धूर’.

मामा ते अक्षर बघत राहिले. कागदावरचे पाचही दोष खरे होते, अगदी नातवानं सांडलेल्या रंगापर्यंत. सहावा त्यांनी घुसडला होता, आणि ही म्हातारी तो त्यांच्या शब्दावर लिहून घेत होती. दुपारी ते जोडपं येईल, धूर शोधेल, धूर दिसणार नाही, आणि ते खुशीत गाडी घेऊन जातील. बाळाला मागे बसवून.

"बाई, ते खोडा," मामा म्हणाले. "धूर नाहीये. मी खोटं बोललो."

मग त्यांनी सगळं सांगितलं. सांगण्यात काही रीत नव्हती. आधी अंगठा, मग ठिपके, मग वस्ताद, मग परत ठिपके. हप्त्यांचं कारण तोंडापर्यंत आलं होतं, ते मात्र त्यांनी गिळलं. बोलून झाल्यावर त्यांनी पुन्हा डिकी उघडली, चाक काढलं, आणि दोघींना दिसेल असा आपला अंगठा त्या वाळून कडक झालेल्या ठशात ठेवला. वणावर वण बसला.

बाईंनी चष्मा काढून हातात घेतला. मागच्या दाराशी जाऊन त्यांनी काचेतून सीटकडे बघितलं.

"माझी दोन्ही नातवंडं मागेच बसायची," त्या म्हणाल्या. "सहा वर्षं. पुढे बसू देत नव्हते मी. मागे सुरक्षित असतं म्हणून."

मामांना आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. वस्तादांनी सांगितलेली ती लाज बारा वर्षं उशिरा येऊन पोचली होती आणि आता हलायला तयार नव्हती.

बाईंनी सहाव्या आकड्यापुढचे शब्द पट्टी लावल्यासारखे सरळ रेघेनं खोडले, कागद मामांपुढे सरकवला आणि पेन दिलं. म्हणाल्या, तुम्हीच लिहा. मामांचा लिहिण्याशी संबंध बिलापुरता. वाकून, एकेक अक्षर जुळवत त्यांनी लिहिलं की ही गाडी मागून जोडलेली आहे, जोड कच्चा आहे, मागून धक्का बसला तर सुटेल. बाईंनी कागद उचलून वाचला आणि परत त्यांच्यापुढे ठेवला.

"कुणी जोडली ते लिहिलं नाहीत."

मामांनी लिहिलं, ‘मी’. खाली सही केली, सहीखाली फोन नंबर. तीस वर्षं ते आपली खूण गिऱ्हाईकाची नजर जाणार नाही अशाच जागी ठेवत आले होते.

बाईंनी तिथूनच त्या जोडप्याला फोन लावला आणि गाडी विकायची नाही म्हणून सांगितलं. मामा म्हणाले, ही भंगारातच जायला हवी, मी स्वतः नेऊन कापून घेईन, तुकडे होईपर्यंत तिथून हलणार नाही, आणि तुमचं जे नुकसान होईल ते माझं. बाई म्हणाल्या, ते नंतर बघू. त्यांनी किल्ली पदराच्या टोकात बांधली आणि जिना चढायला लागल्या. अर्ध्या जिन्यात थांबून त्यांनी भाचीला सांगितलं, तुला गाडी मिळेल हं, घाई करू नकोस.

भाची स्कूटर चालवत होती, मामा मागे बसले होते. येताना दोघांची अखंड बडबड चालली होती. आता सिग्नलला थांबल्यावरही ती आरशात बघत नव्हती. मामांच्या मनात आलं, खाली उतरावं आणि चालत जावं. पण पाठ ही अशी, आणि पळून जाण्याचा कार्यक्रम आज एकदा करून झालाच होता.

दोन सिग्नल गेल्यावर तिनं स्कूटर एका बंद दुकानाच्या पायरीपाशी उभी केली.

"अशा किती आहेत, मामा?"

मामा खोटं बोलू शकले असते. ही एकच, असं म्हणायला एक क्षण पुरला असता.

"तीन," ते म्हणाले. "ही एक. अजून दोन कुठं आहेत ते मला माहीत नाही. त्या विकणाऱ्याकडे नोंद असेल. तो अजून त्याच जागी बसतो."

तेवढ्यात भाचीचा फोन वाजला. तिची आई, म्हणजे मामांची ताई. ताईचा आवाज मुळातच मोठा, फोन कानाला असूनही मामांना शब्द न शब्द ऐकू येत होता. झाली का गाडी? नाही? का गं? आणि मग तो नेहमीचा प्रश्न, मामानं नीट बघितली का?

मामांनी मान खाली घातली. भाचीनं एकदा त्यांच्याकडे बघितलं, सगळं कळल्यापासून पहिल्यांदाच सरळ.

"हो आई, मामानंच बघितली," ती म्हणाली. "त्यानं खरं सांगितलं म्हणून नाही घेतली. घरी आल्यावर तोच सांगेल तुला सगळं. नाही, आम्हाला उशीर होईल. चिमणीला तू आण शाळेतून."

तिनं फोन पर्समध्ये टाकला आणि किक मारली. घर डावीकडे होतं. तिनं स्कूटर उजवीकडे वळवली.

"माझी गाडी थांबेल थोडी," ती पुढे बघतच म्हणाली. "त्या दोन गाड्यांत मागे कोण बसतंय ते आधी बघू. सांग, कुठं बसतो तो तुझा विकणारा?"

मामा रस्ता सांगायला लागले.